ह्यूम एंडला चहा प्यायला गेलो आणि बार्शी लाईट भेटली

रेटिंग आधीच सांगून टाकतो, पाचपैकी चार. एक स्टार का कापला ते खाली येईलच. आणि हो, हा रिव्ह्यू थोडा बायस्ड आहे कारण मी बार्शीचा, बार्शी लाईट म्हणजे आमच्याकडची जुनी छोटी रेल्वे, आणि तिच्याच साहेबाने बांधलेली ही जागा बघून बार्शीचा माणूस नॉर्मल राहूच शकत नाही.

तर ह्यूम एंड हे इंग्लंडात स्टॅफर्डशायरमधलं एक चिमुकलं गाव आहे, पीक डिस्ट्रिक्ट नावाच्या डोंगराळ भागाच्या कडेला (स्पेलिंगमधे मधे एक एल आहे, तो बोलताना गिळायचा, मी पहिली दोन वर्षं हल्म हल्म म्हणत फिरलो). चार घरं, एक पब, एक पूल, आणि एक रेल्वे स्टेशन, ज्यावर 1934 पासून एकही गाडी आलेली नाही. स्टेशनचं तिकीट ऑफिस अजून आहे, लाकडी, बैठं, तिथे आता माहिती केंद्र केलंय, आणि इंजिन शेड होती त्या जागी तशाच धाटणीची इमारत बांधून त्यात चहाघर आहे. समोर पार्किंग, संडास स्वच्छ. आम्ही मँचेस्टरहून गाडीने गेलो, शेवटचे रस्ते इतके अरुंद की समोरून ट्रॅक्टर आला की आपणच रिव्हर्स घ्यायचा, तेवढी मनाची तयारी ठेवून जा.

जायचं कारण अण्णा. आमचे वडील दोन महिने आमच्याकडे आले होते आणि लंडन, राजवाडा, मोठं घड्याळ वगैरे दाखवून झाल्यावर त्यांचा चेहरा असा झाला होता की बास झालं आता, घरी सोडा. मग मी म्हटलं चला तुम्हाला बार्शी लाईटवाल्या साहेबाची दुसरी गाडी दाखवतो. तर म्हणाले, "आरं हितं कुठली बार्शी लाईट?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं मागे जातो. मुंबईहून सोलापूरकडे जाणारी जीआयपीची (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, तेव्हाची इंग्रज कंपनी) मेन लाईन टाकली तेव्हा बार्शी बाजूला राहिली, जवळचं स्टेशन कुर्डुवाडी आणि त्यालाच तेव्हा बार्शी रोड म्हणायचे. बार्शीला कापसाचा एवढा मोठा बाजार आणि माल सगळा बैलगाडीने स्टेशनपर्यंत न्यायचा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंजिनिअर 1882 मधे जीआयपीत नोकरीला आला होता, त्याने हे हेरलं. त्याचं म्हणणं असं की दोन रुळांत अडीच फूट अंतर असलेली छोटी लाईन नीट डिझाईन केली तर खेळणं न होता भरपूर माल ओढू शकते, फक्त कुठल्याही एका ॲक्सलवर (चाकांच्या आसावर) पाच टनांपेक्षा जास्त वजन पडू द्यायचं नाही, म्हणजे रूळ हलके चालतात, पूल हलके चालतात, खर्च कमी. 1895 मधे लंडनला कंपनी काढली, डबे लीड्सजवळ न्यूलेला रूळ टाकून चालवून बघितले, लोकांना बोलावून दाखवले, आणि 1897 मधे बार्शी रोड ते बार्शी गाडी सुरू. पुढे 1906 ला पंढरपूर, 1911 ला लातूर, 1927 ला मिरज, सगळी मिळून सव्वातीनशे किलोमीटर. 1954 मधे सरकारने ती घेतली आणि 2000 नंतर टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज झाली. आमच्याकडे अजूनही काम रेंगाळलं की "काय बार्शी लाईट चाललीय का" म्हणतात, पण ते ज्यांनी वारीच्या टायमाला त्या गाडीत पाय ठेवायला जागा शोधलीय त्यांनी म्हणावं, बाकीच्यांनी नाही, असं अण्णांचं मत आहे.

आणि हाच कॅलथ्रॉप बार्शीचं जमल्यावर इंग्लंडात हे मॅनिफोल्ड नदीचं खोरं पकडून बसला. लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली लाईट रेल्वे. वॉटरहाउसेस ते ह्यूम एंड, सव्वाआठ मैल, म्हणजे तेरा किलोमीटर आणि थोडं वर. गेज तोच, अडीच फूट. इंजिनं त्याच लीड्सच्या किटसन कंपनीची जिने बार्शीला पहिली इंजिनं दिली. फक्त दोन इंजिनं होती, एकाचं नाव ई आर कॅलथ्रॉप, म्हणजे साहेबाने स्वतःचंच नाव ठेवून घेतलं, दुसरं जे बी अर्ल, तो इथला साईट इंजिनिअर. डबे चार. 27 जून 1904 ला उद्घाटन.

माहिती केंद्रात स्टेशनचं छोटं मॉडेल आणि जुने फोटो आहेत, जागा एका खोलीएवढी, पंधरा मिनिटांत बघून होतं. आमचे अण्णा पाऊण तास. कारण फोटोतल्या इंजिनाला पुढे हा एवढा मोठा हेडलाईट, ड्रायव्हरच्या डोक्यावर उन्हासाठी पुढेमागे लांब केलेलं छप्पर, आणि डब्यांना टोकाला उघडी बाल्कनी. स्टॅफर्डशायरमधे ऊन! त्या दिवशी जुलै होता आणि मी जॅकेट घालून उभा होतो. पण डिझाईन भारतातलं, ते तसंच इकडे आलं. डबे पिवळे, फिकट पिवळे, आणि या हिरव्या डोंगरात ती पिवळी गाडी कशी दिसत असेल याचा विचार करून मला उगाच भरून आलं. अण्णा काचेला नाक लावून म्हणाले, "ही आपलीच हाय. फक्त धुऊन ठेवल्यासारखी दिसतीय."

मग त्यांनी मला एक प्रश्न विचारला जो मला कधीच पडला नव्हता. कुर्डुवाडीला मोठ्या गाडीतून छोट्या गाडीत माल बदलायला हमालांची फौज असायची, पोती उतरवा, पोती चढवा, तर इथे काय करायचे? याचं उत्तर फोटोतच होतं आणि ते बघून मी पण येडा झालो. इथे त्यांनी ट्रान्सपोर्टर वॅगन केल्या होत्या, म्हणजे छोट्या रुळावर चालणारा एक सपाट सांगाडा, त्याच्यावर मोठ्या रेल्वेचा अख्खा डबा तसाच चढवायचा आणि न्यायचा. ब्रिटनमधे हे पहिल्यांदा इथे झालं. मोठ्या रेल्वेचे दूध भरलेले डबे असेच यायचे जायचे. अण्णा म्हणाले, "म्हंजी गाडीवर गाडी. मग हमालांनी काय करायचं?" हा माणूस चाळीस वर्षं मार्केट यार्डात काढून रिटायर झालाय, त्याला पहिला विचार तोच येणार.

आता चहाघराबद्दल, कारण रिव्ह्यू लिहितोय हे माझ्या लक्षात आहे. चहा किटलीत येतो, दूध वेगळं, दोन कप आरामात निघतात. स्कोन गरम होता, क्रीम भरपूर. पण तुम्ही स्टॅफर्डशायरला गेलात तर ओटकेक खा, कुठेही खा. नाव ऐकून बिस्किटासारखं काहीतरी वाटतं आणि स्कॉटलंडचं तसंच असतं, पण इथलं म्हणजे चक्क आंबवलेल्या पिठाचं मऊ धिरडं, ओटच्या पिठाचं, आत चीज घालून दुमडून देतात. अण्णांनी एक खाल्लं, मग दुसरं मागवलं, मग बॅगेतून शेंगाचटणीची पुडी काढली आणि धिरड्यावर पसरली. मी इकडे तिकडे बघत होतो की कोणी बघतंय का. शेजारच्या टेबलावरच्या आजींनी बघितलं आणि विचारलं काय आहे, अण्णांनी पुडी पुढे केली, आजींनी बोटाने चाखली, मग पाणी प्यायल्या, मग परत चाखली.

चहा झाला की समोरूनच जुनी लाईन चालायला सुरू होते. रूळ उखडून टाकलेत, त्या जागी डांबरी वाट आहे, 1937 पासूनच ही लोकांना फिरायला खुली आहे, म्हणजे तीस वर्षं गाडी धावली आणि ऐंशीच्या वर वर्षं माणसं धावतायत. रेल्वेचा चढ हलका असतो, त्यामुळे वाट जवळपास सपाट, बाबागाडी, सायकल, गुडघे दुखणारे वडील सगळ्यांना चालते. थोड्या अंतरावर एक्टन लागतं, इथे तांब्याच्या खाणी होत्या, अठराव्या शतकात डेव्हनशायरच्या ड्यूकने त्यातून रग्गड पैसा काढला. रेल्वे आली तोपर्यंत खाणींचा जोर संपलेला, इथे क्रीमरी (दुधाचा कारखाना) झाली आणि रेल्वेला जगवलं ते मुख्यतः तिच्या दुधाने.

पुढे स्वेन्सलीचा बोगदा. छोटा आहे, दीडशे मीटरच, पण त्याची स्टोरी मस्त. बाजूला सर थॉमस वॉर्डल यांचं घर, लीक गावचे मोठे रेशीम रंगारी, भारतातल्या टसर रेशमावर त्यांनी आयुष्य घालवलं, त्यासाठी भारतात पण येऊन गेले. ते या रेल्वेचे डायरेक्टर होते आणि असं सांगतात की त्यांच्या घरातून गाडी दिसू नये म्हणून हा बोगदा खोदला. म्हणजे गाडी पाहिजे पण दारात नको! असले लोक आपल्याकडे कमी आहेत का, बायपास पाहिजे पण माझ्या रानातून नको.

इथेच तो कापलेला स्टार. बोगद्यापासून वेटन मिलपर्यंतच्या तुकड्यात ही वाट गाड्यांना पण खुली आहे. सायकलवर पोरं असतील तर जीव मुठीत धरावा लागतो, आणि बोगद्यातून कार येताना आवाज दुप्पट होतो. आम्ही भिंतीला चिकटून उभे राहिलो. बाकी तुकडे निवांत आहेत त्यामुळे छोटी मुलं असतील तर वॉटरहाउसेसच्या बाजूने सुरुवात करा, हा माझा सल्ला.

वेटन मिलला नदी बघा. उन्हाळ्यात ती इथे जमिनीत शिरते, चुनखडीचा दगड आहे ना, आणि काही किलोमीटर पुढे इलमला परत वर येते. आम्ही गेलो तेव्हा पात्र कोरडं ठाक, फक्त गोटे. अण्णांना इथे एकदम घरी आल्यासारखं वाटलं. त्याच्या पुढे थॉर्स केव्ह, डोंगरात वर मोठी आ वासलेली गुहा. खाली तिच्या नावाचं स्टेशन पण होतं, उतरा आणि चढा. अण्णा खाली बसले, मी वर जाऊन फोटो काढून आलो, पायऱ्या ओल्या असतील तर स्पोर्ट्स शूज घालून जाऊ नका, मी एकदा बसकण मारली.

मग ही बंद का पडली? बांधताना तिथल्या एका मजुराने म्हटलं होतं म्हणे की लाईन झकास आहे पण ही कुठूनच निघत नाही आणि तिथेच जाऊन संपते. बोचरं आहे पण खरं आहे. स्टेशनं नदीच्या कडेला खोऱ्यात आणि गावं सगळी वर डोंगरावर. बँक हॉलिडेला, म्हणजे सार्वजनिक सुट्टीला, डबे पुरायचे नाहीत आणि बाकी वर्षभर गाडी मोकळी. दूध होतं तोपर्यंत ठीक चाललं, मग दूध लॉरीत गेलं, क्रीमरी बंद झाली, आणि मार्च 1934 मधे मोठ्या कंपनीने, एलएमएसने, गाडी थांबवली. शेवटी जे बी अर्ल इंजिन लाईन उखडायच्या कामाला वापरलं, स्वतःच्याच पायाखालचे रूळ गोळा करत, आणि मग दोन्ही भंगारात. एक तरी ठेवायला पाहिजे होतं राव.

मला विचाराल तर साहेबाचं डिझाईन दोन्हीकडे तेच होतं, इथे फक्त कापूस नव्हता आणि विठोबा नव्हता. कॅलथ्रॉप स्वतः नंतर रेल्वे सोडून पॅराशूटच्या मागे लागला, गार्डियन एंजल नावाचं पॅराशूट त्याने बनवलं, घोडे पाळायचा, आणि 1927 मधे गेला, आपली मिरजची लाईन पूर्ण झाली त्याच वर्षी.

परत स्टेशनवर आलो तेव्हा पाच वाजत आलेले. अण्णांनी बार्शीच्या एका मित्राला फोन लावायला सांगितला, रात्रीचे साडेनऊ तिकडे, मी म्हटलं खोऱ्यात रेंज नाही तर म्हणाले लाव तू. लागला. "आरं, मी साहेबाच्या दुसऱ्या स्टेशनात उभा हाय. व्हय, लाईटवाल्या. न्हाय, बंद हाय. किती चालली? तीस वर्षं." पलीकडून काहीतरी आलं. अण्णा ओरडून "तीस! तीस! आपली शंभर चालली!" आणि मग कट. गाडीत बसल्यावर बराच वेळ ते फोनकडेच बघत होते, त्याला शंभरचं ऐकू गेलं का नाही म्हणून.