जुनी सीडी ड्रॉवरमध्ये, नवा रिपोर्ट हातात: पुण्यातील एका पेट-सीटी केंद्राचा अनुभव

माझ्या वडिलांना टॉन्सिलचा कर्करोग झाला होता. सात आठवड्यांत रेडिएशनच्या पस्तीस बैठका आणि सोबत केमोथेरपी असे उपचार पूर्ण झाल्यावर, आजार कितपत गेला आहे हे पाहण्यासाठी डॉक्टरांनी पेट-सीटी (शिरेतून किरणोत्सारी औषध देऊन काढला जाणारा शरीराचा स्कॅन) करायला सांगितले. त्यासाठी आम्ही पुण्यातील एका खासगी केंद्रात दोनदा गेलो, एकदा स्कॅनसाठी आणि एकदा रिपोर्टसाठी भांडायला. केंद्राचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे लिहिलेल्या गोष्टी कोणत्याही केंद्रात जाण्यापूर्वी विचारून घेण्यासारख्या आहेत.

आधी चांगले सांगतो. मी फोन केला तेव्हा काउंटरने लगेच दोन दिवसांनंतरची वेळ दिली होती, पण त्याच संध्याकाळी केंद्रातील न्यूक्लिअर मेडिसिनच्या डॉक्टरांचा स्वतःहून फोन आला आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला, शेवटचे रेडिएशन कोणत्या तारखेला झाले? सातच आठवडे झाले आहेत हे कळल्यावर त्यांनी ती वेळ रद्द करून रेडिएशनला बारा आठवडे पूर्ण झाल्यानंतरची दिली. या तपासणीत शिरेतून दिले जाणारे औषध म्हणजे किरणोत्सारी फ्लोरिन जोडलेली ग्लुकोजसारखी साखर असते. कर्करोगाच्या पेशी ती अधाशीपणे ओढून घेतात आणि पडद्यावर उजळतात. मात्र रेडिएशनने होरपळलेला, सुजलेला आणि भरून येऊ पाहणारा भागही तीच साखर खातो. घाई केली तर सूज आणि आजार यांत फरक करणे अवघड होते. हातातले गिऱ्हाईक पाच आठवडे पुढे ढकलणारे केंद्र मला तरी विरळाच वाटते.

या बारा आठवड्यांमागे भक्कम आधार आहे. मानेतील गाठी मोठ्या असतील तर केमो-रेडिएशननंतरही शस्त्रक्रिया करून त्या भागातील लिंफ नोड (शरीराच्या संरक्षणयंत्रणेतील छोट्या ग्रंथी) काढून टाकण्याची पद्धत पूर्वी रूढ होती. ब्रिटनमधील पेट-नेक या चाचणीत ५६४ रुग्णांचे दोन गट केले गेले. एका गटाची ठरल्याप्रमाणे मानेची शस्त्रक्रिया झाली, तर दुसऱ्या गटाचा बारा आठवड्यांनी पेट-सीटी करून, आजार शिल्लक आहे किंवा चित्र संशयास्पद आहे अशांचीच शस्त्रक्रिया झाली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या गटात २२१ शस्त्रक्रिया झाल्या, दुसऱ्यात केवळ ५४, आणि दोन वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण दुसऱ्या गटात कमी नव्हते (८४.९ टक्के, पहिल्यात ८१.५ टक्के). यातला ‘संशयास्पद’ हा शब्द लक्षात ठेवावा, कारण आमचे गाडे तिथेच अडले.

स्कॅनच्या दिवसाची व्यवस्था निर्दोष होती. सहा तास उपाशी, फक्त पाणी. गेल्यावर बोटाला सुई टोचून साखर पाहिली, ती १३८ निघाली. ती २०० च्या वर असती तर तपासणी पुढे ढकलली असती, असे सांगण्यात आले. औषधाची सिरिंज शिशाच्या जाड नळकांड्यात घालून आणली. मग एका अंधूक खोलीत आरामखुर्ची, अंगावर दोन ब्लँकेट आणि तंत्रज्ञाची ताकीद, “काका, आता तासभर बोलायचं नाही, काही चघळायचं नाही, खाकरायचंसुद्धा नाही.” बोलताना स्वरयंत्राचे आणि चघळताना जबड्याचे स्नायू साखर वापरतात, आणि घशाच्या रुग्णात नेमकी तीच जागा नीट पाहायची असते. ब्लँकेटही केवळ आदरातिथ्य नव्हे, कारण थंडी वाजली की मानेतील विशिष्ट चरबी ऊब निर्माण करण्यासाठी साखर ओढू लागते आणि चित्र गढूळ होते. पस्तीस वर्षे वर्गात बोललेल्या बाबांना तो तास सक्तमजुरीसारखा वाटला. काचेतून ते मला हातवाऱ्यांनी चहाबद्दल विचारत होते. फ्लोरिनची किरणोत्सारिता सुमारे ११० मिनिटांत निम्मी होते, तरी त्या दिवशी लहान मुलांपासून दूर राहायला सांगितले होते, म्हणून नातीला मांडीवर न घेता ते रात्रीपर्यंत गॅलरीतच बसून राहिले.

आता तक्रार. उपचारांपूर्वीचा पेट-सीटी आम्ही दुसऱ्या केंद्रात केला होता. त्याची सीडी आणि रिपोर्ट मी सकाळी काउंटरवर दिला. तेथील बाईंनी लिफाफा न उघडता ड्रॉवरमध्ये टाकला आणि नव्या रिपोर्टसोबत तो तसाच परत दिला. इंग्रजीतील दीड पानांच्या त्या रिपोर्टचा मथितार्थ असा होता की मानेच्या उजव्या बाजूच्या लिंफ नोडमध्ये औषधाचे सौम्य ग्रहण (म्हणजे तिथल्या पेशींनी औषध ओढून घेणे) दिसते, ते शिल्लक आजारामुळे आहे की उपचारांनंतरच्या सुजेमुळे हे निश्चित सांगता येत नाही, आणि तुलनेसाठी पूर्वीचा स्कॅन उपलब्ध नाही. ज्या स्कॅनची सीडी अडीच तास त्यांच्याच ड्रॉवरमध्ये पडून होती, तो ‘उपलब्ध नाही’! मधे रविवार होता. ते दोन दिवस घरात कोणी धड जेवले नाही, आणि आईने तर मानेच्या ऑपरेशनचा खर्च किती येतो याची चौकशीही करून टाकली.

सोमवारी काउंटरने ‘रिपोर्ट फायनल झाला आहे’ एवढेच सांगितले. मी डॉक्टरांना भेटल्याशिवाय हलणार नाही म्हटल्यावर आत सोडले. ज्यांनी तारीख पुढे ढकलली होती तेच डॉक्टर होते. त्यांनी सीडी लावली, दोन्ही स्कॅन शेजारी शेजारी उघडले आणि मलाही पडद्यासमोर बसवले. पडद्यावर डावीकडे जुन्या स्कॅनमध्ये २.८ सेंटिमीटरची, निखाऱ्यासारखी पिवळी-केशरी गाठ. उजवीकडे नव्या स्कॅनमध्ये त्याच जागी ०.९ सेंटिमीटरचा, आजूबाजूच्या भागाहून जेमतेम उजळ ठिपका. दहा मिनिटांत त्यांनी पुरवणी रिपोर्ट लिहून दिला. उपचारांना उत्तम प्रतिसाद असून सौम्य ग्रहण सुजेमुळे असण्याची शक्यता अधिक आहे, असे त्यात होते. यंत्र तेच, चित्र तेच, वाचणारा माणूसही तोच. फरक केवळ शेजारी ठेवलेल्या जुन्या चित्राचा होता. उपचारांनंतरचा स्कॅन हा मुळात तुलनेसाठीच काढलेला असतो, त्यामुळे जुना स्कॅन न पाहता दिलेला रिपोर्ट मी तरी अर्धवट काम समजतो.

केवळ जुन्या रिपोर्टवरचे आकडे पाहूनही भागत नाही, हेही त्यांनीच समजावले. औषधाचे ग्रहण दाखवणारा एसयूव्ही नावाचा आकडा रक्तातील साखर, इंजेक्शननंतरची प्रतीक्षा आणि यंत्राची जात यांनुसार बदलतो. पहिल्या केंद्रात स्कॅन नव्वद मिनिटांनी झाला होता, इथे बासष्ट मिनिटांनी. म्हणून शक्य असेल तर पुढचे स्कॅन एकाच यंत्रावर आणि तेवढ्याच प्रतीक्षेनंतर करावेत. पहिल्यांदाच हे कोणी सांगितले असते तर आम्ही केंद्र बदललेच नसते.

निघताना काउंटरने सहा महिन्यांनंतरच्या स्कॅनवर सवलत देऊ केली, ती मात्र खटकली. आमच्या कर्करोगतज्ज्ञांनी साफ नकार दिला. आता नियमित दुर्बिणीने घसा पाहणे, मान चाचपणे आणि मानेवर रेडिएशन झाल्यामुळे सहा ते बारा महिन्यांनी थायरॉईडची रक्तचाचणी करणे हाच पाठपुरावा आहे, आणि काही शंका आली तरच स्कॅन करायचा, असे ते म्हणाले. सवलतीचे कार्ड मी पाकिटासकट परत केले.

स्कॅनचे साडेतेरा हजार रुपये झाले. स्वच्छता चांगली आहे, पार्किंग नाही. तंत्रज्ञ आणि डॉक्टर यांना माझ्याकडून पैकीच्या पैकी गुण, काउंटरला शून्य. तेथे जाणारच असाल तर जुनी सीडी काउंटरवर न देता तंत्रज्ञाच्या हातात द्या आणि ती संगणकात चढवल्याचे त्याच्याकडून तोंडी वदवून घ्या. नव्या स्कॅनची सीडीही रिपोर्टबरोबरच मागून घ्या, कारण नंतर मागितल्यावर आमच्याकडून तीनशे रुपये वेगळे घेतले.