कॉलेज रोडची शाकाहारी मेस: मटण सोडलेल्या पोरांचं भागतं का?

नव्याने शाकाहाराकडे वळलेली पोरं अर्धपोटी राहिली की मागे फिरतात. म्हणून नाशकात मेस लावताना ताटात आधी डाळ-कडधान्य बघावं.

इथली मटकीची उसळ उत्तम. दाणा बोटांत चेपला की मऊ, पण गाळ झालेला नाही. मटकी 8-10 तास भिजवून, पूर्ण निथळून ओल्या फडक्यात बांधली की उन्हाळ्यात रातोरात मोड येतात; पाणी राहिलं तर आंबूस वास मारते. इथे तो वास नाही. काळ्या मसाल्याचा रस्साही झणझणीत, मटणाची तलफ भागवणारा.

वरण मात्र अगदीच पातळ. 60 किलो वजनाला दिवसाला साधारण 50 ग्रॅम प्रथिनं लागतात, अशा वाटीने काय होणार! दुसरी वाटी मागा, कुरकुर न करता वाढतात. सोयाबीन वड्यांची भाजी फसलेली: वड्या मिठाच्या पाण्यात उकळून घट्ट पिळल्या नाहीत की उग्र वास राहतो आणि मसाला आत शिरत नाही.

जेवणावर लगेच मिळणारा चहा तासभर लांबवा, नाहीतर डाळी-पालेभाज्यांतलं लोह नीट अंगी लागत नाही. लिंबाची फोड मात्र सोडू नका, तिने लोह अंगी लागायला मदतच होते. बी-12 जीवनसत्त्व वनस्पतींतून मिळत नाही, दह्यातून मिळतं, त्यामुळे चार पैसे वाचवायला दह्याची वाटी वगळलेलं ताट घेऊ नये. रविवारी रात्री मेस बंद. खोलीवर फुटाणे-शेंगदाणे ठेवा.