‘बसतलें गो बाय’ म्हटले की टेप काढा

दुकानात ३८ बी शिल्लक असते (आकडा छातीखालच्या पट्ट्याचा, अक्षर कपाचे), म्हणून गिऱ्हाइकाचे माप ३८ बी निघते. भरल्या अंगाच्या बायकांची ब्रा घेताना होणारी फसवणूक बहुतेक इथेच सुरू होते. पैसे नंतर जातात, आकडा आधी खोटा ठरतो. आता मोठ्या कपाचा माल ठेवणे दुकानाला जड जाते, हेही खरे. एकाच नमुन्याच्या ३२ ते ४२ अशा सहा पट्ट्यांना बी, सी, डी, डीडी, ई, एफ हे सहा कप ठेवायचे म्हटले तर एका रंगाचे ३६ नग झाले. म्हापसा, फोंडा किंवा मडगावच्या मध्यम दुकानाला एवढा पैसा मालात अडकवणे परवडत नाही. म्हणून बी आणि सी ठेवायचे, फार तर थोडे डी. अडचण समजण्यासारखी आहे. ती गिऱ्हाइकाला न सांगता त्याच्या अंगावर चढवली जाते, ही लबाडी.

पद्धत ठरलेली असते. टेप कुडत्यावरून, कधी ओढणीवरूनही, सैल धरतात. छातीखाली ३४ इंच भरले की त्यात ४ मिळवतात आणि पट्टा ३८ ठरवतात. हा जुना हिशोब अजून सर्रास चालतो. मग उभ्याउभ्या छातीचा घेर घेतात, समजा ३९.५. त्यातून ३८ गेले, उरले दीड. ‘बी कप. बसतलें गो बाय, सारकें बसतलें.’ म्हणजे बसेल गं बाई, बरोबर बसेल.

याच अंगाचे माप नीट घेऊ. वर पातळ, फोम नसलेली ब्रा किंवा काहीच नको. आरशासमोर उभे राहून श्वास पूर्ण सोडायचा आणि छातीच्या अगदी खाली टेप पाठीमागेही आडवी सरळ राहील अशी घट्ट ओढायची. भरले ३४, तर पट्टा ३४, त्यात काहीही मिळवायचे नाही. मधला आकडा आला, समजा ३५, तर ३४ आणि ३६ दोन्ही घालून बघायच्या. नंतर छातीचा सगळ्यात भरलेला भाग, इथे टेप सैलसर, अंगाला फक्त टेकलेली. मोठी छाती उभ्याने खाली उतरते आणि माप कमी भरते. म्हणून कमरेत वाकून, पाठ जमिनीला समांतर ठेवून दुसऱ्यांदा मोजायचे. उभ्याने ३९.५ आणि वाकून ४२.५ आले, सरासरी ४१. त्यातून ३४ वजा, उरले ७. ब्रिटिश मापात १ इंचाला ए, २ ला बी, ३ ला सी, ४ ला डी, ५ ला डीडी, ६ ला ई, ७ ला एफ. म्हणजे ही बाई ३४ एफ.

दुकानाने दिली ३८ बी. पट्टा २ इंचांनी कमी केला की कप एक अक्षर पुढे सरकतो, तेव्हा ३८ बी, ३६ सी आणि ३४ डी यांच्या कपात जागा सारखीच. एफ लागत असताना डीएवढा कप मिळाला, म्हणजे तीन नंबर लहान आणि पट्टा ४ इंच सैल.

गंमत अशी की अशी ब्रा पहिल्या दिवशी आरामाची वाटते. आधीच्या ब्रापेक्षा सैल, कुठे रुतत नाही. इथेच विक्रेता सुटतो. वजन पेलण्याचे बहुतेक काम छातीखालच्या पट्ट्याचे असते, खांद्याच्या बंदांचे नव्हे. पट्टा सैल म्हणजे तो पाठीवर वर चढतो, पुढचा भाग खाली झुकतो, मग बाई बंद आवळत जाते आणि खांद्यांना चर पडतात. कप लहान असल्याने कपाखालची तार छातीच्या कडेला बसण्याऐवजी छातीवरच बसते, काखेखाली टोचते आणि वरून छाती दुभागून बाहेर येते. पंधरा-वीस दिवसांनी बाई परत आली की ऐकायचे काय? ‘तुमचे अंगच भारी आहे हो.’ दोष मापाचा, शिक्षा अंगाला.

दुसरा प्रकार लेबलाचा. पाकिटावर ४० डी, बाजारातल्या गठ्ठ्यात वर चिकटवलेल्या चिठ्ठीवर ४० डी, आणि हुकाजवळ शिवलेल्या कापडी लेबलावर ३८ बी. चिठ्ठी सोडा, शिवलेले लेबल वाचा. ते अर्धे कापलेले असेल तर तो कारखान्यातला उरलेला किंवा नापास माल असतो. त्यात चांगले नगही निघतात, पण आकड्यावर विश्वास ठेवून घ्यायचा नाही, ब्राच मोजायची. हुकाच्या टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पट्टा टेपवर ताणून धरा. नीट ताण देऊन तो ३४ पर्यंतच जात असेल तर लेबलावर ४० असो की ४२, तो ३४ चाच.

परदेशी लेबलांचा घोळ वेगळा. उरलेल्या मालावर युरोपचा ८० आणि फ्रान्सचा ९५ असे दोन्ही छापलेले असतात. विक्रेता ९५ वर बोट ठेवून ‘खूप मोठा साइज’ म्हणतो. तो आपला ३६. तसेच ७५ आणि ९० म्हणजे ३४, ८५ आणि १०० म्हणजे ३८. कपाची अक्षरेही देशागणिक बदलतात. अमेरिकेत डीडीनंतर डीडीडी येतो, त्यालाच काही कंपन्या एफ म्हणतात आणि तो ब्रिटिश ई एवढा. ब्रिटिश एफ लागत असणाऱ्या बाईने अमेरिकी एफ उचलला तर कप एक नंबराने कमी पडणार. एक्सएल, डबल एक्सएल आणि ‘फ्री साइज’ यांत तर कपाचा पत्ताच नसतो. घेर वाढतो, खोली तेवढीच.

आणखी एक उपाय काउंटरवरून हमखास सुचवला जातो, हुकाची जोडपट्टी. ३६ ला जोडपट्टी लावली की पट्टा ३८-४० पर्यंत जाईल, पण कप आणि तार ३६ च्याच राहणार. बाळंतपणाच्या दिवसांत किंवा पट्टाच तेवढा घट्ट असेल तेव्हा ती उपयोगी पडते. छोट्या कपावरचा इलाज म्हणून कोणी देत असेल तर घेऊ नका. ‘मिनिमायझर’चेही तसेच. खरा मिनिमायझर छाती बाजूंना पसरवून पुढचा उठाव कमी दाखवतो आणि तरी सगळी छाती कपात मावते. वरून फुगवटा दिसत असेल तर ते मिनिमायझर नाव दिलेले लहान माप.

गोव्यात मालाच्या वयावर विशेष नजर ठेवावी लागते. समुद्राची खारी हवा आणि जून ते सप्टेंबरची ओल इलॅस्टिकला मारते. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आगेमागे हॉलमध्ये तीन-चार दिवसांचे सेल लागतात, ‘तीनावर एक फुकट’. तिथे पट्टा कानाजवळ धरून ताणा. करकर आवाज आला किंवा कापडातून रबराचे पांढरे धागे डोकावले तर इलॅस्टिक मेले आहे, दोन धुण्यांत पट्टा ढगळ होईल. हुकांवर तपकिरी ठिपके म्हणजे गंज, आणि गंजाचा डाग पांढऱ्या किंवा त्वचेच्या रंगाच्या कापडावरून सहज निघत नाही. मोठ्या छातीसाठी हुकांच्या तीन-चार ओळी आणि रुंद बाजू हव्यात. नवी ब्रा सगळ्यात बाहेरच्या, म्हणजे सैल हुकावर घट्ट बसायला हवी. इलॅस्टिक सैलावले की आत सरकायला जागा उरते. विक्रेती पहिल्याच दिवशी शेवटचा आतला हूक लावून ‘बघा, बसली’ म्हणाली, तर ती ब्रा आधीच संपलेली आहे.

कापडाची थाप गोव्यातल्या घामात फार महाग पडते. ‘शंभर टक्के कॉटन’ छापलेल्या ब्राचे अस्तर पॉलिस्टरचे निघते, छातीखाली घाम साठतो, कातडी लाल होते आणि दमट हवेत तिथे बुरशीही धरते. एक बारीक तपासणी: ताणणाऱ्या पट्ट्यात कॉटन शंभर टक्के असूच शकत नाही, थोडे इलास्टेन (ताणणारा कृत्रिम धागा) किंवा रबर लागतेच. म्हणजे तो दावा वाचतानाच शंका यायला हवी. अस्तराचे दोन-तीन धागे काढून घरी सांडशीत धरून जाळा. कॉटन कागदासारखे जळते आणि मऊ राख राहते, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. जाड फोमची ब्रा पावसाळ्यात दोन दिवस वाळत नाही आणि ओलसर घातली तर वास आणि खाज दोन्ही. शिवणीचा, तीन-चार तुकड्यांचा कप मोठ्या छातीला एकसंध साच्याच्या कपापेक्षा जास्त आधार देतो. दिसायला तो साधा असतो, म्हणून काउंटरवर पुढे येत नाही.

मोबाइलवरच्या जाहिरातींत ‘तीन ब्रा ४९९, ४६ पर्यंत सगळे साइज, पाठदुखी जाते’ असे दिसले की पुढे काय येणार ते ठरलेले. पार्सल पैसे दिल्याशिवाय उघडू देत नाहीत. आत एकाच ताणाच्या, कप नसलेल्या बनियनवजा तीन ब्रा, आणि पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणजे कुरिअरचे गोदाम. परत करायला नेटवर कस्टमर केअरचा नंबर शोधला तर तिथे दुसरा ठग बसलेला असतो. तो आपल्या मोबाइलचा स्क्रीन त्याला दिसेल असे ॲप टाकायला सांगतो किंवा ‘रिफंड घेण्यासाठी’ यूपीआय पिन घालायला लावतो. पैसे यायला पिन कधीच लागत नाही. ‘फिटिंग एक्स्पर्ट’ मापासाठी फोटो मागत असेल तर तिथेच ब्लॉक करा. मापाला टेपचे आकडे लागतात, फोटो लागत नाही. खात्यातून पैसे गेले असतील तर लगेच सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन करा.

विकणाऱ्याचे खरे भांडवल म्हणजे आपला संकोच. चार माणसांत ब्रा हातात धरून कोणी भांडत नाही, हे त्याला पक्के ठाऊक असते. म्हणून भांडण पैसे देण्याआधी करावे. पहिल्यांदा एकच नग घ्यायचा, सेलमध्ये तीन नव्हे. ‘अंतर्वस्त्रे बदलून मिळणार नाहीत’ अशी पाटी असेल तर ‘लेबलासह ७ दिवसांत बदलून’ एवढे बिलावर लिहून मागायचे. लिहून देत नसेल तर दुसरे दुकान. घरी त्याच दिवशी पातळ बनियनवर घालून बघायची: वाकून दोन्ही हातांनी काखेकडची छाती कपात ओढून घ्या, मग सरळ व्हा. तारेची असेल तर दोन कपांमधला तुकडा छातीच्या हाडाला टेकला पाहिजे, तारेचे टोक काखेच्या मध्याकडे छातीच्या मागे जायला हवे. हात वर केले तरी पट्टा जागचा हलू नये. पाठीमागे पट्ट्याखाली दोन बोटे जावीत, मूठ नाही.

कायद्यात एक फरक लक्षात ठेवावा लागतो. नुसती ‘बसत नाही’ ही तक्रार दुकानाने बदलून द्यायचे लिहून दिले असेल तरच चालते. पण लेबल खोटे, कापड खोटे किंवा माल सदोष असेल तर पाटीचा उपयोग नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मालाच्या घटकांबद्दल खोटे सांगणे, बिल न देणे आणि सदोष माल बिलातल्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, परत न घेणे या तिन्ही गोष्टी अनुचित व्यापार प्रथा ठरतात. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथे काम झाले नाही तर उत्तर गोव्यासाठी पर्वरी आणि दक्षिण गोव्यासाठी मडगाव येथे जिल्हा ग्राहक आयोग आहे, आणि ५ लाखांपर्यंतच्या तक्रारीला फी नाही. सोबत न्यायचे ते बिल, पाकीट, शिवलेल्या लेबलाचा फोटो आणि टेपवर ताणून धरलेल्या पट्ट्याचा फोटो, ज्यात इंचाचे आकडे स्पष्ट वाचता येतील असा.