नेपाळसाठी गाडीच्या विम्याची क्षेत्रवाढ : 500 रुपयांत नेमके काय मिळते?

आपल्या मोटार पॉलिसीवर ‘भौगोलिक क्षेत्र : भारत’ अशी एक ओळ असते आणि पॉलिसी हाती आल्यावर ती बहुधा कोणी वाचत नाही. मात्र सर्वसाधारण अपवादांतला पहिलाच अपवाद या ओळीवर उभा आहे : या क्षेत्राबाहेर झालेला अपघात, मग नुकसान स्वतःच्या गाडीचे असो वा तिसऱ्या पक्षाचे, कंपनीवर बंधनकारक नाही. म्हणजे गोरखपूरमार्गे सुनौलीला पोहोचून गाडी सीमेपलीकडच्या, नेपाळमधल्या बेलहियात शिरली की हजारो रुपयांचा हप्ता भरलेली पॉलिसीही तिथे उपयोगाची राहत नाही. यावरचा उपाय म्हणजे भौगोलिक क्षेत्रवाढीचे एन्डॉर्समेंट (मूळ पॉलिसीला जोडलेले बदलाचे कलम), ज्याला एजंट मंडळी ‘आयएमटी वन’ म्हणतात. नेपाळमधल्या दीर्घ मुक्कामासाठी ते मी घेतले, त्यावर एक क्लेमही केला, आणि त्या आधारे हे परीक्षण लिहीत आहे. कंपनीचे नाव देत नाही, कारण कलमाचा मजकूर जवळपास सगळीकडे सारखाच असतो.

किमतीबद्दल तक्रारीला जागा नाही. 2002 च्या मोटार टॅरिफमध्ये (मोटार विम्याच्या ठरीव दरपत्रकात) ही क्षेत्रवाढ सर्वसमावेशक पॉलिसीवर जास्तीत जास्त 500 रुपयांत आणि केवळ थर्ड पार्टी पॉलिसीवर 100 रुपयांत ठरवलेली होती; पुढे दर खुले झाले तरी माझ्याकडून याच हिशेबाने 500 रुपये आणि वर 18 टक्के जीएसटी घेतला गेला. गाडी लहान असो वा मोठी, आकारणी एकच. नेपाळ, भूतान, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका आणि मालदीव एवढेच देश या कलमात बसतात. यांपैकी शेवटच्या दोन ठिकाणी गाडी जहाजातूनच जाणार आणि समुद्रप्रवासातले नुकसान तर हेच कलम स्पष्ट शब्दांत वगळते, तेव्हा ती नावे यादीत कोणाच्या सोयीसाठी ठेवली आहेत, हे मला उमगलेले नाही.

मिळवण्याची प्रक्रिया मात्र त्रासाची आहे. कंपनीच्या ॲपवर हा पर्याय दिसला नाही, ग्राहकसेवेतल्या प्रतिनिधीला तो ठाऊक नव्हता, आणि अखेरीस शाखेत लेखी अर्ज दिल्यावर काम झाले. हाती आलेल्या कागदावर देशाचे नाव होते, पण ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ या दोन तारखांच्या जागा कोऱ्या होत्या. एन्डॉर्समेंटचा सगळा अर्थ त्या दोन तारखांत असल्यामुळे तो कागद तिथल्या तिथे परत करून नवा मागावा लागला. शाखेचा कल फक्त प्रवासाचे दिवस लिहून देण्याकडे असतो; तो मान्य करू नये. कमाल मुदत 12 महिन्यांची आहे आणि पैसे तेवढेच लागतात, त्यामुळे पॉलिसीच्या अखेरच्या तारखेपर्यंतची मुदत मागून घ्यावी. नेपाळ भारतीय गाडीला वर्षात एकूण 30 दिवसच राहू देतो आणि त्यासाठी सीमेवरच्या भन्सार (जकात) कार्यालयात दिवसांप्रमाणे शुल्क भरावे लागते; हे दिवस दोन टप्प्यांत वापरायचे ठरवले तर दुसऱ्या टप्प्याला पुन्हा शाखेची पायरी चढावी लागत नाही.

क्लेमची वेळ आली ती बुटवलहून पाल्प्याकडे चढताना. सिद्धबाबाच्या घाटात दरडीतून सुटलेल्या दगडाने पुढची काच तडकली, बॉनेटला खोलगट पोचा पडला आणि एक हेडलॅम्प फुटला. पॉलिसीवर छापलेला 1800 चा टोल फ्री क्रमांक नेपाळी सिमवरून लागलाच नाही. शाखेचा साधा लँडलाइन क्रमांक जवळ होता म्हणून त्याच दिवशी सूचना देता आली. नुकसान तपासणारा सर्व्हेअर येणार नव्हता. फोटो, पोलिसांचा दाखला आणि दुरुस्तीचे मूळ बिल एवढे आणण्यास सांगण्यात आले. कॅशलेसचा प्रश्नच नव्हता, सगळे पैसे आधी खिशातून गेले. तिथे आयातकर जबर असल्याने सुटे भाग महाग पडतात. नेपाळी चलनातले बिल 1.6 ने भागून भारतीय रुपयांत आणले गेले आणि त्यातून सक्तीची वजावट, म्हणजे दर क्लेममागे ग्राहकाने सोसायची ठरीव रक्कम, कापली गेली. काचेला घसारा (जुनेपणाबद्दलची कपात) नाही, पण प्लास्टिकच्या भागांना एरवी तो 50 टक्के लागतो. माझ्याकडे झिरो डेप (घसारा न कापण्याचे ॲड-ऑन, म्हणजे जादा हप्त्याचे पूरक संरक्षण) होते आणि त्याच्या अटींत देशाची वेगळी मर्यादा नव्हती, म्हणून हेडलॅम्पचे पूर्ण पैसे मिळाले. रक्कम उशिरा आली, पण वाद न घालता आली, हे कंपनीच्या बाजूने नोंदवायला हवे.

रोडसाइड असिस्टन्सच्या (रस्त्यात गाडी अडल्यास मदत देणाऱ्या सेवेच्या) बाबतीत मात्र निराशा झाली. ते ॲड-ऑन भारतापुरतेच निघाले आणि मूळ पॉलिसीत अपघातानंतर गाडी ओढून नेण्याच्या खर्चाची मर्यादा जेमतेम 1500 रुपये आहे. काठमांडू किंवा पोखऱ्यात अपघाताने गाडी बंद पडली तर ते चालून जाईल. दुर्गम मुस्तांगच्या वाटेवर एवढ्या पैशांत क्रेन येणार नाही.

यापेक्षा गंभीर त्रुटी थर्ड पार्टीच्या बाजूला आहे, आणि विकणारा तिच्याविषयी अवाक्षर काढत नाही. इजा किंवा मृत्यूबद्दलची कंपनीची जबाबदारी भारताच्या मोटार वाहन कायदा, 1988 ला जोडलेली आहे, तर अपघाताचा निवाडा होणार नेपाळच्या कायद्याने. प्रत्यक्षात कोणी जखमी झाले तर गाडी पोलिसांकडे अडकते आणि उपचाराचे पैसे जागेवर देऊन मिटवण्याचा दबाव येतो. इकडे पॉलिसीची अट अशी की, कंपनीच्या लेखी संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही, काही देऊ करायचे नाही आणि दिले तर ते कंपनीवर बंधनकारक नाही. या कात्रीत सापडण्याआधी, असा प्रसंग आल्यास संमती कोणाकडून आणि किती वेळात मिळेल, हे शाखेला ईमेलने विचारून उत्तर जपून ठेवावे. मला आलेले उत्तर मोघम होते, तरी संबंधित अधिकाऱ्याचे नाव आणि थेट क्रमांक त्यातून मिळाला.

एवढे असूनही नेपाळला गाडी नेणाऱ्याने हे एन्डॉर्समेंट घ्यावेच असे माझे मत आहे, कारण स्वतःच्या गाडीचे नुकसान ते खरोखर भरून देते. भूतानमध्ये गाडी घेऊन फार दिवस राहणे भारतीयांना माणशी प्रतिरात्र 1200 रुपयांच्या विकास शुल्कामुळे परवडत नाही, त्यामुळे तिथे याचा उपयोग छोट्या सहलीपुरता. थायलंड किंवा युरोपपर्यंत रस्त्याने जाण्याचा बेत असेल तर हे कलम निरुपयोगी आहे. अशा मार्गावरच्या काही देशांत गाडीसाठी लागणारे कार्ने चर्चगेटच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाइल असोसिएशनकडून मिळते. मात्र कार्ने ही जकातीची हमी आहे, विमा नव्हे, आणि थर्ड पार्टी विमा त्या त्या देशाच्या नियमांनुसार वेगळाच घ्यावा लागतो.