पेट्रोल भरल्यावर गाडी अडखळत सुरू होते: पर्ज व्हॉल्व्ह, कॅनिस्टर की पेट्रोलच खराब?

पंपापर्यंत व्यवस्थित चालत आलेली गाडी टाकी भरल्यावर नीट सुरूच होत नाही. स्टार्टर नेहमीपेक्षा जास्त वेळ फिरतो, इंजिन धरतं, सोडतं, थरथरतं, कधी बंदही पडतं. पेट्रोलचा वासही येतो. दोन मिनिटांनी मात्र सगळं सुरळीत! अशा वेळी पहिला संशय पेट्रोलवर जातो. गॅरेजमध्ये प्लग, इंजेक्टर, थ्रॉटल बॉडी यांची साफसफाई होते, बिल भरलं जातं आणि पुढच्या वेळी टाकी भरली की पुन्हा तेच. ही तक्रार फक्त पेट्रोल भरल्यावरच येत असेल, तर दुसऱ्या कशावरही खर्च करण्याआधी पर्ज व्हॉल्व्ह तपासा, असं मी ठामपणे सांगेन. (हे सगळं पेट्रोल गाड्यांबद्दल. डिझेल गाडीत ही यंत्रणा नसते.)

पर्ज व्हॉल्व्ह असं का करतो

टाकीत पेट्रोल शिरतं तेव्हा आतली वाफ बाहेर ढकलली जाते. ती हवेत जाऊ नये म्हणून कोळशाने भरलेल्या डब्यात, म्हणजे कॅनिस्टरमध्ये, अडवून ठेवतात. पुढे इंजिन तापलं की पर्ज व्हॉल्व्ह थोडा थोडा उघडतो आणि ती वाफ इनटेकमधून, म्हणजे इंजिनात हवा जाण्याच्या मार्गातून, इंजिनात जाळली जाते. इंजिन बंद असताना हा व्हॉल्व्ह घट्ट बंद असायला हवा. तो उघडा अडकला तर टाकी भरताना निघालेली वाफ थेट इनटेकमध्ये जाऊन बसते. पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा हे इंजिनाचं नेहमीचं गणित. इथे वाफेचा हिशोब धरलेलाच नसतो, वर इंजेक्टर आपलं पेट्रोल सोडतातच. म्हणून मिश्रण गरजेपेक्षा गडद होतं, म्हणजे पेट्रोल जास्त आणि हवा कमी, आणि इंजिन गुदमरतं. ॲक्सिलरेटर थोडा दाबून स्टार्ट केल्यावर गाडी चटकन धरत असेल, तर जादा हवेने मिश्रण सुधारलं असा त्याचा अर्थ. साठलेली वाफ जळून गेली की तक्रारही जाते, त्यामुळे मेकॅनिकसमोर गाडी अगदी ठणठणीत असते.

पेट्रोल खराब असेल तर

इथे वेळ बघायची. पंपावर पहिल्यांदा स्टार्ट करताना पाइप आणि रेलमध्ये (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत) बहुतेक जुनंच पेट्रोल असतं. म्हणून पाणी किंवा भेसळ असेल तर गाडी साधारणपणे आधी नीट सुरू होते, थोडं अंतर गेल्यावर झटके देते, चढावर ओढत नाही, आणि ती टाकी संपेपर्यंत त्रास चालूच राहतो. दोन मिनिटांत आपोआप बरी होणारी तक्रार पेट्रोलच्या माथी मारू नका. चुकीचं इंधन भरलं गेल्याची शंका असेल तर मात्र गाडी सुरूच करायची नाही, टाकी रिकामी करून घ्यायची.

प्रेशर गळत असेल तर

पेट्रोल न भरता दहा-पंधरा मिनिटं गाडी उभी ठेवून बघा. तरीही तसाच त्रास झाला तर व्हॉल्व्हपेक्षा इंधनाचं प्रेशर उतरण्याचा किंवा इंजेक्टर टिपकण्याचा संशय जास्त. किल्ली ऑन करून दोन-तीन सेकंद थांबा, ऑफ करा, पुन्हा ऑन करून मग स्टार्ट मारा. एवढ्याने गाडी लगेच सुरू झाली तर गाडीतल्या फ्युएल पंपाकडे बघायला सांगा.

घरच्या घरी खात्री

गाडी थंड असताना इंजिन सुरू करा आणि चालूच ठेवा. बहुतेक गाड्यांत पर्ज व्हॉल्व्ह इनटेकजवळच सापडतो. दोन पाइप आणि एक वायरचा कनेक्टर असलेला छोटा प्लास्टिकचा भाग. कनेक्टर काढा, कॅनिस्टरकडून येणारा पाइप काढा आणि व्हॉल्व्हच्या त्या उघड्या तोंडावर बोट ठेवा. वीज नसताना तिथे ओढ जाणवायलाच नको. बोट खेचलं जात असेल तर व्हॉल्व्ह गेला. चेक इंजिन दिवा लागेल, कनेक्टर लावल्यावर बिघाडाचा कोड स्कॅनरने काढून टाकता येतो. हे काम मोकळ्या हवेत, आसपास ज्योत किंवा ठिणगी नसताना करायचं. पंपावर कधीच नाही. स्कॅनरवर पी०४९६ किंवा पी०४४१ आला तर संशय आणखी पक्का होतो. पण कोड नाही म्हणजे व्हॉल्व्ह चांगला, असं समजू नका.

साफ करायचा, बदलायचा, की कॅनिस्टरही?

स्प्रे मारून साफ केलेला व्हॉल्व्ह काही दिवस चालतो, पण आतली सील झिजली असेल तर पुन्हा गळतो. तो स्वस्त भाग असतो आणि बऱ्याच गाड्यांत सहज निघतो, त्यामुळे मी सरळ नवा बसवण्याच्या बाजूने आहे.

फक्त जुना व्हॉल्व्ह काढल्यावर तो पांढऱ्या कागदावर झटकून बघा. काळे कण पडले तर कॅनिस्टर आतून फुटलाय आणि त्याचा कोळसा व्हॉल्व्हमध्ये येऊन अडकतोय. अशा वेळी नुसता व्हॉल्व्ह बदलला तर नवाही तसाच अडकेल. कॅनिस्टर बदलायचा आणि मधला पाइप हवेने साफ करून घ्यायचा. हा खर्च मोठा असतो, पण अशा वेळी तो टाळता येत नाही. पेट्रोल भरताना नोझल सारखा सारखा कट होत असेल तर कॅनिस्टर किंवा त्याचा हवेचा मार्ग तुंबलाय असं समजा, त्याला पर्ज व्हॉल्व्ह कारण नसतो.

कण नसतील आणि नोझलही सारखा कट होत नसेल, तर कॅनिस्टरला हात लावू देऊ नका. ऑटो कट झाल्यावर आणखी पेट्रोल ओतून घ्यायची सवय असेल, तर ती मात्र आजच थांबवा. कॅनिस्टर वाफेसाठी बनवलाय. त्यात द्रव पेट्रोल शिरलं की कोळसा भिजतो आणि नवा व्हॉल्व्ह बसवूनही टाकी भरल्यावर गाडी पुन्हा खोकायला लागते.