पहिली टँडम: लांब घ्यावी की आखूड?

दोघांनी रविवारी रमतगमत फिरायला टँडम, म्हणजे दोघांनी पुढे-मागे बसून चालवायची सायकल, घ्यायची, तर निवड मुख्यतः दोन प्रकारांत: २६ इंची किंवा मोठ्या चाकांची, साधारण आठ फूट लांब, नाहीतर २० इंची चाकांची आखूड. पुण्यात आम्ही दोन्ही चालवल्या. लांब मित्राची, पावसाळाभर आमच्याकडे होती, आखूड आमची.

चालवायला लांब सरस, यात वाद नाही. खडकवासल्याच्या रस्त्याला लय सापडली की ती आपोआप पळते आणि खड्डे बऱ्यापैकी पचवते. छोट्या चाकाला खड्डा जास्त जाणवतो, आणि त्यातही मागे बसणाऱ्याला. त्याला पुढे दिसते फक्त पुढच्याची पाठ. स्पीडब्रेकर आला की मी "आला!" म्हणून ओरडतो, मग ही पॅडलवर जोर देऊन सीटवरून जराशी उठते. (ओरडावं दोन्हींवर लागतं.) जाड टायर आणि थोडी कमी हवा, एवढ्यावर आमचं निभावतं. वेगाची काळजी नको. छोट्या चाकांसाठी पुढचं चेनव्हील (पॅडलजवळचं दातेरी चक्र) मोठं दिलेलं असतं.

पण आम्ही राहतो तिसऱ्या मजल्यावर. लांब टँडम लिफ्टमध्ये शिरत नाही. जिन्यानं न्यायची तर मी वरच्या पायरीवर, ही खाली, आणि प्रत्येक वळणावर हँडल कठड्यात अडकलेलं. "थोडी तुझ्याकडे घे... अगं, तुझ्याकडे!" हे सकाळी सहाला चालल्यावर शेजारच्यांचं दार उघडणारच. पार्किंगमध्ये ठेवावी तर दोन स्कूटरची जागा अडते, मग सोसायटीच्या ग्रुपवर आपलाच विषय. शेवटी शेवटी तर ती खाली उतरवायच्या नुसत्या विचारानं आम्ही दुसरा चहा टाकायचो.

आखूड टँडम मागच्या चाकावर उभी करून, जराशी तिरपी धरली की आमच्या लिफ्टमध्ये मावते. तुमच्या लिफ्टचं दार मात्र आधी मोजा. मागचं सीट बरंच खाली येतं, त्यामुळे भाची आली की तीही बसते.

तळमजल्यावर घर असेल, रोज लांबचा पल्ला मारायचा असेल, तर लांब घ्या. मी अडवणार नाही. सिंहगडासारखा घाट उतरायचा बेत असेल, तर कुठलीही घ्या, पण डिस्क ब्रेकची. साधे ब्रेक चाकाच्या रिमवर घासतात, आणि दोघांच्या वजनानं ती लवकर तापते. बाकी २० इंची ट्यूब मुलांच्या सायकलींमुळे कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडेही सहसा असते.