डोंगरमाथ्यावरच्या सर्व्हे चकत्या : आठ महिन्यांच्या वापरानंतर

अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या डोंगरमाथ्यांवर कोस्ट अँड जिओडेटिक सर्व्हे या सरकारी मोजणी खात्यानं बसवलेल्या धातूच्या चकत्या शोधायच्या, हा जिओकॅशिंगचाच (जीपीएसवरून लपवलेल्या वस्तू शोधायच्या खेळाचा) एक जुना फाटा. आठ महिन्यांनंतर गुण द्यायचे तर डेटाशीटला (प्रत्येक खुणेची जागा आणि वर्णन देणाऱ्या सरकारी कागदाला) पाचपैकी साडेचार, हातातल्या जीपीएसला साडेतीन आणि फोनवरच्या नकाशाला दोन. जीपीएस चार-पाच मीटरपर्यंत आणून सोडतो. पुढचं काम कागद, टेप आणि होकायंत्राचं.

चकती साधारण ९ सेंमी व्यासाची, तळहातावर मावेल एवढी. ब्रिटनमध्ये हा छंद करणाऱ्यांचं बरं आहे. तिथं कमरेच्या वर येणारा काँक्रीटचा खांब असतो, धुकं नसेल तर लांबूनच दिसतो. इथं कातळात भोक पाडून बसवलेल्या चकतीवर दगडफूल चढलं की दोन पावलांवरूनही ती नजरेतून सुटते. मधोमध त्रिकोण आणि त्यात ठिपका असेल तर ते मुख्य स्टेशन. थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायची दुर्बीण, बरोबर त्या ठिपक्यावर लावत. बाण असेल तर तो रेफरन्स मार्क (आरएम), म्हणजे स्टेशन शोधायला जवळ बसवलेली साथीची खूण, नाहीतर दिशा ठरवायला लांबवर बसवलेला अझिमथ मार्क. नवखे हमखास इथं फसतात: बाणवाल्या चकतीचा फोटो काढून ‘सापडली’ म्हणून मोकळे होतात आणि खरं स्टेशन दहा-पंधरा मीटरवर तसंच राहतं. बाणाचं टोक स्टेशनकडे असतं, एवढं ध्यानात ठेवलं तरी पुरे.

कडेचा मजकूर जरूर वाचावा. चकतीला धक्का लावल्यास २५० डॉलर दंड किंवा कैद, अशी तंबी बऱ्याच चकत्यांवर असते. अधिक माहितीसाठी जुन्या चकत्या ‘सुपरिंटेंडंट’ला पत्र लिहायला सांगतात, नंतरच्या ‘डायरेक्टर’ला. नाव आणि वर्ष जागेवर हातानं ठोकलेलं, म्हणून अक्षरं कधी तिरपी, कधी एकमेकांवर चढलेली.

डेटाशीट नॅशनल जिओडेटिक सर्व्हेच्या (कोस्ट अँड जिओडेटिक सर्व्हेचं आजचं रूप) संकेतस्थळावर फुकट मिळते. प्रत्येक खुणेला दोन अक्षरं आणि चार आकडे असा पीआयडी, म्हणजे ओळखक्रमांक, असतो. सगळ्यात आधी बघायचं ते अक्षांश-रेखांशापुढचा शब्द. ‘ॲडजस्टेड’ असेल तर आकडे प्रत्यक्ष मोजणीचे, डोळे झाकून भरावेत. ‘स्केल्ड’ असेल तर ते नकाशावरून मापून घेतलेले, त्यात सहा सेकंदांपर्यंतची चूक गृहीत धरावी. म्हणजे जवळपास १८० मीटर. डोंगरात १८० मीटर म्हणजे भलतीच सोंड. सुदैवानं माथ्यावरची त्रिकोणमापनाची स्टेशनं बहुतेक ‘ॲडजस्टेड’ असतात; ‘स्केल्ड’चा त्रास रस्त्याकडेच्या उंचीच्या खुणांना जास्त.

दुसरा घोळ डेटमचा, म्हणजे अक्षांश-रेखांश ज्या पायावरून मोजतात त्याचा. डब्ल्यूजीएस ८४, नॅड ८३ आणि नॅड २७ हे असे वेगवेगळे पाये. जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ वर ठेवला तर डेटाशीटच्या नॅड ८३ शी फरक मीटर-दोन मीटरचा, सोडून द्या. पण जुन्या छापील नकाशाचे आकडे नॅड २७ मधले असतात आणि पश्चिमेकडच्या राज्यांत हा फरक ८०-१०० मीटरवर जातो. उंचीचंही तेच. माउंट व्हिटनीची जुनी उंची १४,४९४ फूट, आताची १४,५०५. डोंगर वाढलेला नाही, मोजायचा पाया बदलला.

मग वर्णन वाचायचं. पहिलं वर्णन आणि सगळ्यात खालची, म्हणजे शेवटची, नोंद आधी. जुनं वर्णन गावच्या पोस्ट ऑफिसपासून मैल मोजत निघतं आणि त्यातला निम्मा रस्ता आज जंगलानं गिळलेला असतो. वेळेचा अंदाज स्वतःच बांधावा: दर ५ किमीला एक तास आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक. पायवाट सोडून घसाऱ्यावर चढायचं असेल तर सरळ दुप्पट.

माथ्यावर स्टेशन दिसलं नाही तर डेटाशीटमधला रेफरन्स मार्कांचा तक्ता काढायचा. समजा आरएम १ पुढे अंतर १४.३२ मीटर आणि दिशाकोन २१२ अंश आहे. हा कोन स्टेशनवरून आरएमकडे बघतानाचा. आपण आरएमवर उभे, म्हणून १८० वजा करून ३२. हा झाला खऱ्या उत्तरेपासून. होकायंत्राची सुई चुंबकीय उत्तर दाखवते. वॉशिंग्टन राज्यात ती सुमारे १५ अंश पूर्वेला झुकते, म्हणून सुईवर १७ धरायचे. ही वजाबाकी विसरलात तर एवढ्याशा अंतरात पावणेचार मीटर बाजूला जाता, आणि मग दगड उपसत बसता. टेप आडवी धरायची, उताराला टेकवायची नाही: २० अंशांच्या उतारावर १४.३२ मीटर टेकवून मोजले तर ८६ सेंमी कमी पडतात. दोन आरएम सापडले तर दोन्हींकडून मोजावं. रेषा छेदतात तिथं हात घालावा.

सामान फार लागत नाही. ३० मीटरची फायबरग्लासची टेप (पोलादी टेप सुईजवळ नको), डेक्लिनेशन (सुईचा वर सांगितलेला झुकाव) लावता येणारं होकायंत्र, नायलॉनचा मऊ ब्रश, मातीत टोचून बघायला विणकामाची जाड सुई, पाण्याची बाटली आणि छोटी बॅटरी. तारेचा ब्रश कटाक्षानं टाळा, अक्षरं जातात. चकती ओली करून बॅटरी अगदी आडवी धरली की सावलीमुळे पुसट वर्षही वाचता येतं. मदत मागवणारं सॅटेलाइट यंत्र इथं हवंच; मात्र भारतात जाताना ते घरी ठेवा, तिथं परवान्याशिवाय ते बाळगणं बेकायदा आहे.

चकती न सापडण्याची कारणं ठरलेली. कुणीतरी तिच्यावरच दगडांची रास रचलेली असते. रास हलवली तर पुन्हा होती तशी लावा. जागेवर वणवा टेहळणीचा मनोरा उभा राहिलेला असतो. किंवा चकती उपटून नेलेली असते आणि कातळात नुसतं भोक उरतं. कित्येक ठिकाणी वरच्या खुणेखाली जमिनीत दुसरी खूण पुरलेली असते. तिच्यासाठी खणू नका, वरची गेली तर स्टेशन तिच्यावरूनच पुन्हा उभं करायचं असतं. कधी माथ्यावरची चकती जिओलॉजिकल सर्व्हे या दुसऱ्याच खात्याची निघते. तशा पुष्कळ चकत्या जिओडेटिक सर्व्हेच्या यादीतच नाहीत, तेव्हा पीआयडी शोधत बसू नये.

उन्हाळ्यात रॉकीजमध्ये दुपारी विजा ठरलेल्या. बारापर्यंत डोंगरधार सोडायची, टेप अर्धी पसरलेली असली तरी.

नोंदणीचा भाग आता अळणी झालाय. जिओकॅशिंगच्या मुख्य संकेतस्थळानं बेंचमार्कचा, म्हणजे अशा सर्व्हे खुणांचा, विभाग २०२३ मध्ये बंद केला. अर्धा गुण तिथं गेला. राहिला तो जिओडेटिक सर्व्हेचा स्वतःचा फॉर्म, आणि खरं तर तोच उपयोगाचा. दोन फोटो हवेत: एक अक्षरं वाचता येतील असा जवळून, दुसरा दहा पावलांवरून, कॅमेरा कुठल्या दिशेला होता ते लिहून. ‘सापडली नाही’ लिहिताना किती वेळ, कुठून मोजून शोधलं तेही लिहा. नुसत्या ‘सापडली नाही’वरून सर्व्हे चकती नष्ट झाली असं मानत नाही, त्यासाठी उपटलेली चकती किंवा तिचा फोटो असा पुरावा लागतो.